बहुमताचं वासरू

सेतुन्याच्या गाई गेली काही वर्षं भाकड निघत होत्या, आणि नेमकी तेव्हापासूनच तिच्या काकांच्या गाईंना जुळी होऊ लागली होती.

दोघांची गुरं एकाच तळावर असत. लेत्लाकेंगच्या पुढे डांबर संपून वाळू लागते, तिथून गाडी निम्मी सरळ आणि निम्मी आडवी चालवत बरंच आत गेलं की हा तळ. एकच बोअर, एकच हौद, एकच रान, वळूसुद्धा एकच. तरी रांताओ काकांच्या गाईंवर देवाची दुहेरी कृपा आणि पुतणीच्या गाईंवर एकेरीसुद्धा नाही. पशुवैद्यकाच्या पुस्तकात असा रोग नाही. असलाच तर तो गाईंना होत नसावा, काकांना होत असावा.

"मग सरळ विचार ना त्यांना," तिचा नवरा तुसो म्हणाला. तुसो राजधानीत, गॅबोरोनमध्ये, विमा कंपनीत होता. जगातलं कुठलंही नुकसान दिसलं की ते पुढच्या टेबलावर सरकवायचं, एवढंच त्याला ठाऊक.

"काय विचारू? काका, तुम्ही चोर आहात का?"

"चोर कशाला म्हणतेस? मोजण्यात काहीतरी गडबड होतेय म्हण."

"मोजण्यात गडबड मी करते. काका नाही करत. तेच तर दुखणं आहे."

सेतुन्याच्या वडिलांनी जायच्या आधी सगळी भावकी जमवून सांगितलं होतं, की काळी-पांढरी गाय फात्स्वा आणि तिचा सगळा वंश माझ्या मुलीचा. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. काकांनी सगळ्यांत जोरात. पण शहरात मास्तरकी करणाऱ्या बाईला गाई देणं म्हणजे माशाला छत्री देणं, असं काकांचं प्रामाणिक मत होतं. माशाची गैरसोय होऊ नये म्हणून ती छत्री ते स्वतः वापरत होते, इतकंच.

सेतुन्या तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात नेटवर्क शिकवायची. आता, माणसाचं हसं व्हायचं असलं तर ते त्याला न येणाऱ्या गोष्टीत सहसा होत नाही. तिथं तो जपून पाऊल टाकतो. हसं होतं ते त्याच्या खास विषयात. त्या वर्षी तिच्या खास विषयात ब्लॉकचेन नावाचं प्रकरण आलं होतं, आणि ते मुलांना समजावता समजावता तिच्या डोक्यात गाई शिरल्या.

"म्हणजे जादूटोणा," शेजारच्या म्मा पेलोनोमी कुंपणापलीकडून म्हणाल्या. म्मा म्हणजे बाई; या निवृत्त परिचारिका. अंगणात तेलाची कढई ठेवून मगविन्या, म्हणजे पिठाचे फुगीर गोळे, तळत होत्या, आणि तळताना जो कुणी समोर येईल त्याला सल्ला देत होत्या.

"जादू नाही हो म्मा. समजा एकच वही आहे. तिचं पान फाडता येतं. पण तीच वही प्रत्येक गाईच्या गळ्यात बांधली तर? एकीनं काही लिहिलं आणि बाकीच्यांतल्या बहुतेक म्हणाल्या 'हो, आम्ही पाहिलं', की मगच ते पक्कं. शिवाय प्रत्येक पान मागच्या पानाला शिवलेलं. फाडणार कुठून?"

"आणि गाई खोटं बोलल्या तर?"

"गाई कशाला खोटं बोलतील?"

"पोरी, माझी उभी हयात प्रसूतिगृहात गेली. बाळ कुणाचं यावर जेवढं खोटं बोललं जातं तेवढं दुसऱ्या कशावर नाही. त्यापेक्षा तू काकाच्या चहात जुलाबाचं औषध घाल. तो झाडीत बसलेला असताना गाई मोजून ये."

हा सल्ला मानला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण शिकलेल्या माणसाला सोपा उपाय अपमानासारखा वाटतो.

तिनं पट्टे करून घेतले. गळ्यात बांधायचे, त्यांना काडेपेटीएवढी डबी, वर सूर्यावर चालणारी टिकली. जवळच्या दोन पट्ट्यांनी एकमेकांना ओळखायचं. वासराच्या गळ्यात छोटा पट्टा. जन्मल्यापासून ते ज्या जनावराच्या कुशीत जास्त वेळ राहील, ती त्याची आई, आणि तिचा मालक तो वासराचा मालक. बाकीच्या पट्ट्यांनी साक्ष दिली की आई कायमची शिवली गेली. कळप तळावरून हलवायचा तरी अशीच साक्ष हवी. त्या वर्षी घरात नवा सोफा यायचा होता. तो आला नाही. कुणी पाहुणा आला की तुसो जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगवरून बाजूला सरकून सांगे, "नवा घेतलाय. गाईंच्या गळ्यात आहे."

काकांची हरकत घेण्याची सगळी वाक्यं तिनं आधीच पाठ करून ठेवली होती. काकांनी हरकतच घेतली नाही. "बांध की," ते म्हणाले. "माझ्याही गाईंना बांध. न्याय काय एकट्या तुझ्याच गाईंना हवा?" तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. तिला आली ती कृतज्ञता.

पहिले पट्टे दुपारपर्यंत टिकले. प्रत्येक पट्ट्यानं सगळ्या कळपाचा सगळा इतिहास जवळ ठेवायचा, आणि नवं पान शिवायच्या आधी मोठमोठी गणितं सोडवायची, अशी शास्त्रशुद्ध रचना तिनं केली होती. कॉलेजातल्या संगणकांवर ती झकास चाले. पण संगणक टेबलावरून उठून चरायला जात नाहीत. इथं दोन गाई झाडीत, तीन टेकाडापलीकडे, एक कुठं ते तिलाच ठाऊक. एकमेकींना हाका मारून मारून पट्टे दमले, तापले, आणि फात्स्वा गळ्याशी काय चावतंय म्हणून हौदात उतरून बसली. तिचं पाहून बाकीच्याही उतरल्या. गुराखी फराय हौदाच्या काठावर उभा राहून म्हणाला, "मॅडम, गाई भिजत घातल्यात का?"

पण सेतुन्या हटणारी नव्हती. शिव्या घालायच्या त्या तिनं गाडीत घातल्या आणि घरी येऊन सगळं पुन्हा मांडलं. गणितं काढून टाकली. सगळा इतिहास सगळ्यांच्या गळ्यात कशाला? जिनं तिनं आपलं कुटुंब आणि शेवटचा टाका तेवढा जपावा. दिवसभर आरडाओरडाही नको. गाई पाण्यावर येतातच. तेव्हा हौदाशी खांबावरच्या मोठ्या डबीपाशी सगळ्यांनी काय ते बोलून घ्यावं. बायका पाण्यावर भेटल्या की गावाची खबर गावाला कळते, तसं. नको असलेली माहिती तिनं इतक्या निर्दयपणे छाटली, की पट्टा आठवडाच्या आठवडे चालू लागला. त्या रात्री ती स्वतःवर इतकी खूष होती, की तुसोनं "स्वयंपाक?" असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कार्यक्षम!"

मग परवाना. रेडिओ वापरायचा तर परवाना हवा, असं कुणीतरी कॉलेजात सांगितलं. कार्यालयातले गृहस्थ सभ्य होते.

"यंत्र एका जागी राहणारं की फिरतं, म्मा?"

"फिरतं."

"मग वाहनाचा क्रमांक सांगा."

"वाहन नाही. गाय आहे."

"बरं. चालकाचं नाव?"

"ती स्वतःच चालते."

त्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. "स्वतः चालणाऱ्या वाहनांचं टेबल अजून सुरू झालेलं नाही," ते हळहळून म्हणाले, आणि त्यांनी तिला गुरांच्या खात्याकडे पाठवलं. गुरांच्या खात्यानं सांगितलं की ओळखीची खूण कानात असेल तर आमची, पोटात असेल तर आमची, गळ्यातली आमच्याकडे येत नाही. सेतुन्यानं दोन्हीकडे लेखी कळवलं की गाय जागची हलणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही, आणि मी मात्र हलणार नाही. शेवटी कंटाळून कुणीतरी शिक्का मारला. परवान्यावर वाहनाचा प्रकार 'इतर' आणि रंग 'काळा-पांढरा' असा पडला.

एवढं झाल्यावर ती ऐटीत काकांकडे चहाला गेली. रांताओ काकू चहा ओतत होत्या. काकू फार बोलत नसत. काका बोलत असताना बोलायला जागाच उरत नसे.

"मला एक सांग," काकांनी बशीत चहा ओतला. "खरं काय ते ठरवणार कोण? तू की मी?"

"कुणीच नाही काका! तेच तर भारी आहे. हौदाशी जितके पट्टे येतात त्यांतले निम्म्याहून जास्त म्हणतील ते खरं."

"म्हणजे बहुमत."

"बहुमत."

"आणि एकदा शिवलं की तुलाही उसवता येत नाही?"

"मला काय, कुणालाच येत नाही!"

काकांनी चहा फुर्रकन ओढला. "लोकशाही फार चांगली गोष्ट आहे, पोरी," ते म्हणाले. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि किटली जरा जोरात आपटली.

पुढच्याच आठवड्यात काकांनी मेहुण्याचा अख्खा कळप 'चाऱ्यासाठी' आपल्या तळावर आणला, आणि पुतणीकडून त्या सगळ्यांसाठी पट्टे मागवले. लोकांना आपलं काम पटतंय म्हणून सेतुन्याचा ऊर भरून आला. तिनं पट्टे पाठवले. शिवाय पुढच्या वासरांसाठी छोटे पट्टेही काकांकडेच ठेवायला दिले.

कॉलेजच्या परीक्षा चालू असताना फोनवर संदेश आला. ती वर्गात पहारा करत होती.

'नवीन वासरू. मालक: रांताओ. साक्षी: बहुमतानं मान्य. शिवलं.'

पाठोपाठ काकांचा फोन. "पोरी, तुझी फात्स्वा याही वर्षी भाकड. वाईट वाटतं. माझी मात्र व्याली. तुझ्या यंत्रालाच विचार."

तिनं यंत्राला विचारलं. यंत्र ठाम होतं. शनिवारी ती तळावर गेली, तर फात्स्वाला दूरच्या रानात चरायला पाठवलेलं. काळं-पांढरं वासरू मात्र काकांच्या काटेरी कुंपणाच्या वाडग्यात, आणि फराय त्याला बाटलीनं दूध पाजतोय.

"याच्या आईला दूध नाही का?" तिनं विचारलं.

"मॅडम, मला बाटली दिली, मी पाजतो," फराय म्हणाला. "आईचं मला कुणी सांगितलं नाही."

तिनं केलेलं यंत्र, तिनं मिळवलेला परवाना, तिनं घातलेले टाके. आणि चोरी अशी पक्की शिवली गेली होती की तिला स्वतःला उसवता येत नव्हती. आजवर काका नुसते बोलत असत. आता त्यांच्या हातात विज्ञान होतं. तुसोनं हसू दाबायचा मनापासून प्रयत्न केला; जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा मात्र हलत राहिल्या. "तडजोड कर," तो शेवटी डोळे पुसत म्हणाला. "एक वासरू. जाऊ दे."

"एक वासरू?" ती म्हणाली. "वासरू गेलं तर गेलं. पण उद्या काका माझंच नाव घेऊन चोरतील. नाही जाऊ देणार."

तिनं गावच्या खोत्लात तक्रार घातली. खोत्ला म्हणजे मोठ्या झाडाखालची, कुंपण घातलेली गावाची बैठक. निवाडा खोसी करतात, म्हणजे गावचे मुखिया, आणि बाकी गाव ऐकायला आणि मधे बोलायला असतो. सेतुन्या कॉलेजातून थेट आली होती, त्यामुळे दारातच अडवली गेली. पॅन्ट घातलेल्या बाईला खोत्लात जाता येत नाही. न्याय मागायला आलेली बाई दारात उभी आणि आतून काकांचा आवाज येतोय, असा प्रकार झाला. तेवढ्यात रांताओ काकू उठून आल्या, स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून त्यांनी तिच्या कमरेला गुंडाळली, आणि परत जाऊन बसल्या.

आत काका रंगात आले होते. फोन उंच धरून ते गावाला ब्लॉकचेन समजावत होते, आणि तिच्यापेक्षा बरं समजावत होते. "ही नोंद मी बदलू शकत नाही! ही पोरगी बदलू शकत नाही! खोसी, माफी असावी, तुम्हीही बदलू शकत नाही! इतक्या गाईंनी साक्ष दिलीय. माणूस फितूर होतो. गाय होते का?"

गावानं माना डोलावल्या. खोसी सेतुन्याकडे वळले. "यंत्र तुझंच ना, म्मा?"

"माझंच."

"मग तक्रार कसली?"

ती म्हणाली, "मला या वासराची आई बघायचीय. नोंदीत तिच्या पट्ट्याचा क्रमांक आहे. ती इथं आणावी."

आईच्या सडांत दूध नसणार, एवढीच तिची अटकळ होती. काकांनी छाती काढून फोन केला, फरायला क्रमांक सांगितला, आणि सगळा गाव झाडाखाली वाट बघत बसला. कुणीतरी ताकाचा डबा फिरवला. दुपार कलायला लागली तेव्हा ट्रेलर धुरळा उडवत आला. फरायनं फळी पाडली. आधी वासरू उतरलं. मग मागच्या पायांनी, सावकाश, कुणालाही न दुखावता, बोनोलो उतरला.

बोनोलो हा काकांचा म्हातारा बैल. खच्ची केलेला. स्वभावानं इतका गरीब की त्याच्या पाठीवर कोंबड्या बसत. वासरू त्याच्या पोटाला जाऊन चिकटलं, आणि बोनोलोनं ते चाटायला सुरुवात केली.

पुढच्या रांगेतल्यांनी वाकून बोनोलोच्या पोटाखाली पाहिलं.

"फराय!" काका किंचाळले. "गाय आण म्हटलं होतं!"

"क्रमांक सांगितला होता, मोठे मालक," फराय म्हणाला. "क्रमांक याच्या गळ्यात आहे. तुमच्या गाई परक्या वासराला लाथा घालत होत्या. हाच एक काही म्हणत नव्हता, म्हणून याच्यापाशी बांधलं."

मग मात्र गाव असं हसलं की वरची पाखरं उडाली. म्हातारे काठ्या टेकून हसले. एकजण उठून बोनोलोला "अभिनंदन, म्मा" म्हणून आला. काकांचा चेहरा वाळूच्या रंगाचा झाला. पण हसण्याला मालक नसतो. ते फिरत फिरत सेतुन्यापाशी आलं.

"मास्तरीण बाई, तुमच्या यंत्रानं बैलाला बाळंत केलं!"

"कॉलेजात हेच शिकवता का?"

तिला आठवलं. पट्टा हलका करताना, नको ती माहिती छाटताना, जनावर नर की मादी हेही तिनं उडवलं होतं. दिसतंच की, लिहायचं कशाला, म्हणून. शाल गच्च धरून ती जागची उठली.

"हो," ती म्हणाली. "चूक माझी. यंत्र खोटं बोललं नाही. हे वासरू कुणाच्या कुशीत झोपलं तेवढंच त्यानं सांगितलं; 'आई' हा शब्द मी शिकवला. आणि ज्याच्या गाई जास्त त्याचं खरं, हा नियमही माझाच. तोही चूक. हसून घ्या. मी थांबते."

ती खरंच थांबली. हळूहळू हसू ओसरलं.

खोसींनी घसा साफ केला. "बैलाला झालेलं वासरू कुणाचं, याला आमच्याकडे कायदा नाही. पुढच्या महिन्यात बघू."

"पुढचा महिना नको," सेतुन्या म्हणाली. खोसींना असं कुणी म्हणत नसे. "माझ्या वडिलांनी फात्स्वा आणि तिचा वंश मला दिला, तो भावकीसमोर. ती भावकी इथं बसलीय. तुम्हाला विचारायची मला लाज वाटली, म्हणून मी गाईंकडे साक्ष मागायला गेले. आज लाज संपली. गाईंना नाही, माणसांना विचारते. कुणी ऐकलं होतं? आणि हे वासरू कुणी जन्मताना पाहिलं?"

माणसांनी आपापले बूट पाहिले. काकांचा मेहुणा तर बूट काढूनच पाहायला लागला.

तेवढ्यात रांताओ काकू उठल्या. इतक्या वर्षांत त्या खोत्लात कधी बोलल्या नव्हत्या.

"मी ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "भावोजी स्वच्छ बोलले होते. आणि वासरू फात्स्वाचंच. चीक मीच काढला. यांनी दोन वाट्या खाल्ला."

"अगं!" काका म्हणाले.

"तीन," काकू म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

मग इतरांनाही हळूहळू आठवू लागलं. माणसाची स्मरणशक्ती अशीच असते. एकीनं सुरुवात केली की बाकीच्यांची बुद्धी तल्लख होते. खोसींनी निवाडा दिला. फात्स्वा, तिचं वासरू आणि काकांच्या प्रत्येक जुळ्यातलं एक, सगळं सेतुन्याचं.

"पण खोसी, त्यातली काही खरीच जुळी असली तर?" काकांनी कळवळून विचारलं.

"ती कुठली ते सांग," खोसी म्हणाले. "म्हणजे बाकीची कुठली ते आपोआप कळेल."

काकांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, मधेच मूठ मिटली, आणि ते घरी गेले.

सेतुन्यानं दुसऱ्या दिवशीच आपला कळप वेगळा काढला. टेकाडापलीकडे काटेरी फांद्यांचं नवं वाडगं घालून घेतलं होतं. तुसोनं दोन दिवस रजा टाकली, आणि ऑफिसचे बूट वाळूत भरत असतानाही तो तक्रार न करता हाकारे देत होता. चुकीच्या दिशेनं, पण मनापासून. काकू तळावरच्या झोपडीच्या ओसरीत उभ्या राहून कुठली गाय कुणाची ते बोटानं दाखवत होत्या. काका तोंड फिरवून बोअरचं यंत्र दुरुस्त करत होते. ते बिघडलेलं नव्हतं.

पट्टे तिनं काढले नाहीत. "फेकून दे ना आता," असं म्मा पेलोनोमींपासून कॉलेजच्या प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी सुचवून झालं होतं. तिनं प्रत्येकाला तेच उत्तर दिलं: चूक माझी आहे, यंत्र माझं आहे, आणि दोन्ही मीच दुरुस्त करणार. आता एका मालकाला एक मत, मग त्याच्या गाई कितीही असोत, अशी नवी घडी तिनं बसवायला घेतली होती. अजून ती पुरी झाली नव्हती; तोवर पट्टे जुन्याच नियमानं चालत होते.

फात्स्वा सगळ्यांच्या पुढे, वासरू तिच्या पायांत. कळप हौद ओलांडून टेकाडाकडे निघाला, आणि सेतुन्याचा फोन वाजला.

'कळप हलवण्याची विनंती. मान्यता: बहुमत नाही. नामंजूर.'

तिनं मागं पाहिलं. हौदाशी काकांच्या आणि त्यांच्या मेहुण्याच्या गाई पाणी पीत उभ्या होत्या, शांतपणे, एकमतानं.

"काय म्हणतंय?" तुसोनं धापा टाकत विचारलं.

"परवानगी नाही म्हणतंय."

"मग?"

सेतुन्यानं फोन बंद केला, शिट्टी घातली, आणि फात्स्वाच्या पाठीवर थाप मारली.

"मग काय? चल!"